थांबून राहिली होती

रविवारी शर्यत होती. विलास, गजा, मुन्ना आणि मी नागपूरहून उमरेडला गेलो आणि तिथून परत फिरलो. पाचगाव मागं पडल्यावर विलास सगळ्यांच्या पुढं निघाला. त्याच्यापुढं आयोजकांची जीप होती. जीप थांबली. विलास जीपवर आदळला. दवाखान्यात पोचण्याआधी तो वारला. विलास माझा भाऊ.

ह्यातलं 'जीप थांबली' हे वाक्य खोटं नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. ती कधी थांबली, ह्यावर सगळं आहे. विलास येण्याआधीच ती रस्त्याकडेला उभी असेल, तर तो आपल्या चुकीनं गेला. तो मागून येत असताना कुणी तिचा ब्रेक दाबला असेल, तर त्याला मारलं. मी जन्मभर मराठी शिकवली. क्रियापदांचे काळ फळ्यावर लिहून हात पांढरे केले. तेवढं करूनही ह्या एका वाक्याचा काळ मला कुणाकडून मान्य करून घेता आलेला नाही, आणि त्याचा संताप माझ्या वयाबरोबर कमी होईल असं जे लोक सांगत होते ते आता स्वतः हयात नाहीत. संताप आहे.

आमचं घर लकडगंजात, एका आरा मशीनच्या मागल्या बाजूला. सकाळी पट्टा फिरायला लागला की आधी बारीक शिट्टीसारखा आवाज येई, मग लाकडाला दात लागले की तो जाड होई, आणि ओंडका संपता संपता पुन्हा बारीक. घरातलं बोलणं त्या आवाजाच्या फटींमधून चाले. वाक्य अर्धं सोडून थांबायचं, ओंडका संपला की पुढचं अर्धं म्हणायचं, ही आम्हा सगळ्यांची सवय होती. पाहुण्यांना वाटे, ही माणसं फार विचार करून बोलतात. सागाचा भुसा हवेतून घरात यायचा. तो वाळत घातलेल्या कपड्यांवर असे, पाण्याच्या माठावरच्या झाकणीवर असे, विलासच्या सायकलच्या साखळीत असे. आई भुशाचीच शेगडी पेटवायची. मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची. अशी ठासलेली शेगडी दुपारपर्यंत धगधगत राही. थंडीत तिच्यावर सांबारवडीचं तेल तापे. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मी शिकवायला लागल्यावर बाहेरगावच्या सहकाऱ्यांना दर वर्षी नव्यानं सांगावं लागे, आणि ते दर वर्षी नव्यानं हसत.

घरात मराठी दोन होत्या. बैठकीतली बाबांची आणि स्वयंपाकघरातली आईची. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. भोसल्यांच्या काळात आमचे कुणी पूर्वज दप्तर सांभाळायला इकडं आले, ह्याचा त्यांना अभिमान होता, आणि त्या अभिमानापोटी ते आम्हाला 'मले-तुले' म्हणू देत नसत. आई उमरेडची. स्वयंपाकघरात तिचं 'काहून' आणि 'नाई वं' मोकळं चाले. पण बैठकीत चहा घेऊन आली की ती 'का' आणि 'नाही' म्हणायची. उंबऱ्यावर पाऊल टाकताना तिचा पदर जसा सारखा व्हायचा तशी जीभही सारखी व्हायची. आम्ही दोघं भाऊ दोन्हीकडं पोहत होतो. विलास तर सायकलवर बसला की बाबांची मराठी पायातल्या चपलेसारखी घरीच काढून ठेवायचा.

गजा कुहीकडचा. घरी धानाची शेती होती, शिकायला म्हणून नागपुरात आला होता आणि आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहत होता. शाळेला रोज लांब सायकल मारत गेल्यानं त्याच्या मांड्या तयार झाल्या होत्या. विलासनं त्याला एकदा चढावर भाजीचं पोतं लादलेल्या सायकलीसह स्वतःच्या पुढं जाताना पाहिलं आणि त्याच संध्याकाळी घरी जेवायला आणलं. त्या पहिल्या जेवणापासून आमच्या घरात एक थट्टा सुरू झाली. बाबांनी बैठकीतून विचारलं, "गजानन, जेवलास का?" गजा म्हणाला, "जेवून राहिलो ना काका." म्हणजे अजून जेवतोय. बाबा म्हणाले, "राहिलास? मग वळकटी कुठं आहे?" सगळे हसले, गजाही हसला. आई आतून म्हणाली, "जेवू द्या ना जी त्याले." पुढं दर रविवारी गजा मुद्दाम म्हणायचा, काका, पाणी पिऊन राहिलो, काका, जाऊन राहिलो, आणि बाबा दर वेळी जातोस की राहतोस ते एकदा ठरव म्हणायचे. ही थट्टा मी इथं विस्तारानं लिहितो आहे, कारण ह्या भाषेतला हा एक प्रयोग आमच्या घरात बाबांना सर्वांत चांगला ठाऊक होता.

चौथा मुन्ना. त्याच्या वडिलांचं इतवारीत बांगड्यांचं दुकान होतं आणि घरी सगळे हिंदी बोलत. त्याचा टायर कुठंही, कशावरही पंक्चर व्हायचा. विलास म्हणे, मुन्नाला घरात पलंगावर झोपवलं तरी सकाळी त्याची हवा गेलेली असेल. चौघांत खरी शर्यतीची सायकल एकट्या विलासकडं होती, तीही कुणा रेल्वेतल्या खेळाडूनं वापरून सोडलेली. आमच्या तिघांच्या साध्या सायकली. त्यांचे मडगार्ड काढलेले आणि हँडल उलटं बसवलेलं, एवढाच काय तो फरक.

विलास आम्हाला शिकवत असे. एकामागं एक, चाकाला चाक लावून चालायचं. पुढचा वारा कापतो, मागच्यांना आडोसा मिळतो. पुढचा दमला की कोपर हलवून बाजूला होतो आणि शेवटी जाऊन लागतो. पुस्तकात वाचून हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात पुढच्याचं चाक आपल्या चाकापासून वीतभर अंतरावर असतं आणि नजर तिथून हलत नाही. माझी तर कधीच हलत नसे. विलास मागं न पाहता ओळखायचा. "काय पाहून राहिला बे, माझ्या चाकावर सिनेमा लागला काय?" तो ओरडायचा. "मान वर. चाक पाहशीन तं चाकच दिसन." त्याचा एकच नियम होता. समोरच्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहायचा, कितीही दम लागला तरी मान खाली घालायची नाही. उमरेड रस्त्यावर तेव्हाही कोळशाचे ट्रक चालत. रस्ता अरुंद, कडेला काळी भुकटी, तिच्यावर चाक गेलं की सरकायचं. त्या रस्त्यावर मान खाली घालणाऱ्याला विलासनं आपल्या संघात ठेवलंच नसतं. मलाही तो भाऊ म्हणून ठेवत होता असं मला वाटायचं.

शर्यतीच्या पहाटे आईनं फल्लीदाण्यांचे, म्हणजे शेंगदाणे-गुळाचे लाडू बांधले. आमच्या बनियनला पाठीमागं तिनंच खिसे शिवले होते, त्यात ते घातले. उमरेडला तिचे भाऊ पाणी घेऊन उभे राहणार होते. त्यांना काय सांगायचं, हे ती विलासच्या खिशाशी खटपट करत पुन्हा पुन्हा सांगत होती. आरा मशीन रविवारचं बंद होतं, त्यामुळं तिचं प्रत्येक वाक्य पूर्ण ऐकू आलं. मला ते आठवतं, कारण तसं फार क्वचित व्हायचं. ती म्हणाली, "जिंकायचं तं जिंका, नाई तं नका जिंकू. पण मामाच्या हातचं पाणी पिल्याबिगर पुढं नका जाऊ, मले बोलणं बसते."

जाताना मुन्ना पंक्चर झाला. उमरेड अजून लांब होतं. आम्ही थांबायला लागलो तर त्यानंच हाकललं. "अबे जाओ, मैं तो घर से ही पंक्चर निकला था." आम्ही तिघं पुढं गेलो. उमरेडला वळताना मामांनी दिलेल्या तांब्यातलं पाणी विलासनं दोन घोट पिऊन माझ्या डोक्यावर ओतलं. येताना वारा समोरून होता. पुढच्या घोळक्यात आम्ही तिघं पाळीपाळीनं वारा कापत होतो आणि बाकीच्या संघांतली पोरं आमच्या आडोशाला चिकटून फुकट येत होती. पाचगाव गेलं. विलासनं मागं वळून एकदा गजाकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं आणि उठून पेडल मारायला लागला. बघता बघता तो सुटला. आता गजाचं काम एवढंच होतं की घोळक्याच्या तोंडाशी राहायचं, वेग वाढवायचा नाही, आणि कुणी विलासच्या मागं जाऊ पाहील तर त्याच्या वाटेत यायचं. म्हणून गजा सगळ्यांच्या पुढं, ताठ बसून, रस्ता पाहत होता. मी घोळक्यात मागं होतो आणि मला समोरच्याची पाठ दिसत होती. आधी गजाचा ओरडा ऐकला. मग सगळे ब्रेक एकदम लागले, आमच्यातले तीनचार एकमेकांवर पडले. मी उठून पळत पुढं गेलो तेव्हा जीप उभी होती. ती रस्त्याच्या कडेला नव्हती, मधोमध होती. तिच्या मागच्या फळीपाशी विलास होता. गजानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला पाहून तो म्हणाला, "थांबून राहिली होती गा सुधीर. याच्या समोरच थांबून राहिली होती."

जीपमध्ये शर्यत भरवणाऱ्या क्लबचे सचिव होते आणि एक फोटोग्राफर. समोरून नागपूरच्या बाजूनं प्रमुख पाहुण्यांची गाडी उशिरानं आली होती. सचिवांना ती दिसली, आणि पाहुण्यांना हार घालायचा तर इथंच घालू म्हणून त्यांनी जीप थांबवायला लावली. हे मला कडेला उभ्या असलेल्या गावकऱ्यांनी त्याच दुपारी सांगितलं. हार जीपच्या पुढच्या सीटवर तसाच होता. सचिवांनी मात्र सगळीकडं सांगितलं की जीप केव्हाची कडेला लावून उभी होती आणि मुलगा मान खाली घालून आला. मान खाली घालून. विलास.

तेराव्यानंतर क्लबच्या खोलीत चौकशी झाली. त्यासाठी पुण्याकडून एक ज्येष्ठ गृहस्थ आले होते. ते सभ्य होते, हळू बोलत होते, त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि चहा सांगितला. त्यांच्या सभ्यपणाचा मला आजही राग येतो. उर्मट माणसाशी निदान भांडता तरी येतं. सचिव त्यांच्या शेजारी बसले होते, आणि ज्यांच्याबद्दल चौकशी आहे ते शेजारी कसे, हे विचारायचं तिथं कुणाला सुचलं नाही. घोळक्यातल्या कुणालाच काही दिसलं नव्हतं. गावकऱ्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांच्या पुढं गजा होता, आणि आमच्यात जीप थांबताना पाहिलेला तो एकटाच. त्याला उभं केलं. त्यानं धुतलेला शर्ट घातला होता, हात मागं बांधले होते. गृहस्थ म्हणाले, घाबरू नको, एवढंच सांग, तुझा मित्र तिथं पोचला तेव्हा जीप चालत होती की थांबली होती?

"थांबून राहिली होती जी," गजा म्हणाला.

"थांबून राहिली होती. नक्की?"

"डोळ्यानं पाह्यलं जी मी. थांबूनच राहिली होती."

गृहस्थांनी मान हलवली. सचिवांनी चहाचा कप उचलला. गजाला वाटलं, आपण खरं सांगितलं आणि ते ऐकलं गेलं. त्याच्या चेहऱ्यावर मी ते समाधान पाहिलं. तो सांगत होता की जीप त्या क्षणी थांबत होती, ब्रेक लागत होता, विलाससमोर. समोरच्यांना ऐकू आलं की ती थांबून तशीच राहिलेली होती, म्हणजे आधीपासून उभी. तो जितकं ठासून सांगत गेला तितका विलास दोषी होत गेला. मी उभा राहिलो. मी म्हणालो, साहेब, आमच्याकडं ह्याचा अर्थ वेगळा होतो, 'थांबत होती' असं तो म्हणतोय. त्यांनी विचारलं, तू स्वतः पाहिलंस का? मी म्हणालो, नाही, पण भाषा. सचिव म्हणाले की मुलगा घरचा आहे, दुःखात आहे, समजू शकतो. गृहस्थ म्हणाले, "बस बाळ. तो मराठीतच बोलतो आहे, मला कळतं."

मुन्ना त्या खोलीत असता तर. हा विचार मी इतक्या वेळा केला आहे की आता त्याची मलाच चीड येते. मुन्नानं ते पाहिलं असतं तर तो म्हणाला असता, जीप रुक रही थी. पुण्याच्या गृहस्थांना ती हिंदी तत्काळ कळली असती. तेच वाक्य, तोच काळ, तीच ठेवण. परक्या भाषेत सांगितलं असतं तर समजलं असतं, मराठीत सांगितलं म्हणून समजलं नाही.

मी बाबांकडं पाहिलं. ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. कचेरीतला वयस्क माणूस, स्वच्छ मराठी, त्यांचं ऐकलं गेलं असतं. साहेब, हा मुलगा माझ्या घरी दर रविवारी 'जेवून राहिलो' म्हणतो, तेव्हा तो अजून जेवत असतो. एवढं. बाबा आपल्या चपलांकडं पाहत होते. नंतरच्या काळात मी त्यांच्या बाजूनं सगळी कारणं लावून पाहिली. मुलगा गेलेला माणूस काय ऐकणार. साहेबांसमोर मध्ये न बोलण्याची जन्माची सवय. हे एकदाचं संपू दे, असंही वाटलं असेल. एकूण एक कारण पटतं. राग जात नाही.

घरी आलो तेव्हा आरा मशीन चालू होतं. आई बैठकीच्या दारात उभी होती, आतल्या बाजूला. बाबांनी टोपी खुंटीला लावली आणि सांगितलं की ते म्हणाले, जीप उभी होती. मग ओंडका लागला आणि काही ऐकू येईना. आम्ही सवयीनं थांबलो. आवाज बारीक झाल्यावर आईनं विचारलं की गजानं काय सांगितलं. बाबांनी त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आई उंबरा ओलांडून बैठकीत आली. पदर सारखा केला नाही.

"मग उभी काहून म्हणता जी?" ती म्हणाली. "थांबून राहिली होती म्हणते ना तो पोरगा. माह्या लेकराच्या समोर थांबून राहिली होती. तुमाले नाई समजलं?"

बाबा म्हणाले, "समजलं."

"मग सांगतलं काहून नाई?"

पुढचा ओंडका लागला. त्या दिवसापासून आईनं बाबांची मराठी सोडली. बैठकीत, पाहुण्यांसमोर, माझ्या लग्नाच्या बोलणीत, माझ्या कॉलेजातले प्राध्यापक घरी आले तेव्हा, सगळीकडं ती 'मले' आणि 'काहून' म्हणत राहिली, जरा मोठ्यानंच. बाबांनी तिला एकदाही दुरुस्त केलं नाही. त्यांनी त्यानंतर कुणालाच दुरुस्त केलं नाही. गजा पुढंही जेवायला यायचा, पण बाबा त्याला जेवलास का असं विचारायचे नाहीत, आणि गजा आपण होऊन म्हणायचा, "काका, जेवतो आहे." शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. चौकशीत काय झालं ते मी त्याला समजावून सांगितलं होतं. सांगायला नको होतं असं लोक म्हणतील. का नको? त्याच्या तोंडातून काढून घेतलेली वस्तू त्याचीच होती.

मी शिकवायला लागलो तेव्हा भिवापूर, कुही, उमरेडकडची पोरं उत्तरपत्रिकेत 'करून राहिला' लिहीत. त्यावर लाल रेघ मारायची असा विभागाचा दंडक होता. मी मारली नाही. ह्यावरून विभागप्रमुखांशी माझं एकदा चांगलंच वाजलं. त्यांना वाटलं, ह्या अबोल माणसाला एवढ्याशा गोष्टीवरून काय झालं.

क्लब आता मोठा झाला आहे. दर थंडीत विलासच्या नावानं शर्यत होते. पोरांच्या सायकली हलक्या, डोक्यावर चांगली हेल्मेटं, मागं ॲम्ब्युलन्स, बनियनवर विलासचा फोटो, जो आमच्याकडून मागून नेला होता. मोबाइलवर फिरणाऱ्या पत्रकात दर वर्षी तेच छापतात की उभ्या असलेल्या वाहनाचा अंदाज न आल्यानं ह्या होतकरू खेळाडूचं निधन झालं, आणि म्हणून सायकलस्वारांनी नेहमी मान वर ठेवावी. विलासचाच नियम, विलासलाच शिकवतात. गेल्या हिवाळ्यात आई गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत सचिवांच्या मुलाचा फोन आला. क्लब आता तोच चालवतो, बोलायला गोड आहे. सर, यंदा झेंडी तुम्ही दाखवा, म्हणाला. मी म्हणालो, पत्रकातलं एक वाक्य बदला, येतो. कोणतं ते सांगितलं. तो म्हणाला, "सर, रेकॉर्डवर तसंच आहे ना. आणि इतक्या वर्षांनी आता काय फरक पडते?"

मी फोन ठेवला. कुहीला गजाला लावला. तो बांधावर होता, मागं पंपाचा आवाज येत होता. मी त्याला झालेलं सांगितलं. तो पंप बंद करायला गेला, परत आला, आणि पुष्कळ वर्षांनी माझ्याशी त्याच्या मराठीत बोलला. म्हणाला, "त्याले सांग गा, मी अजून जिता आहो. थांबून राहिली होती."

झेंडी दाखवायला मी गेलो नाही. पत्रक बदललं नाही. लकडगंजातलं घर आहे, आरा मशीन बंद पडलं आहे, त्यामुळं आता घरात वाक्य पूर्ण ऐकू येतं. विलासची सायकल मागल्या खोलीत भिंतीला टेकून आहे, तिचं पुढलं चाक वाकडं आहे. बाबा नाहीत, आई नाही. मुन्ना कुठं आहे ते माहीत नाही. जीप थांबत होती हे माहीत असलेले गजा आणि मी, दोघं उरलो आहोत.